आंबट मातीचं झाड

माती विकत घ्यावी लागते, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं मी रेती, विटा, सिमेंट, चुना आणि लाद्या विकल्या. मुलुंडला स्टेशनपासून दहा मिनिटांवर माझं दुकान होतं. सुरुवात भाड्याच्या हातगाडीवर केली, दुकान नंतर झालं, आणि त्यात कुणाचा हात नव्हता. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी आयुष्यात कधी दिला नाही. तो ऐकला की आजही माझं डोकं तापतं. तर अशा माणसाने सातव्या मजल्यावरच्या गॅलरीसाठी लाल मातीच्या गोण्या मागवल्या आणि विकणाऱ्याला इतका पिळला की शेवटी तो म्हणाला, "घ्या काका, घ्या. तुमच्याशी बोलून माझा घसा बसला." मी खुशीत होतो. त्या खुशीत गोणीचा फक्त वरचा थर पाहिला.

रेतीवाल्याला फार पिळलं की रेतीत कचरा येतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. नव्या गिऱ्हाइकांना मी स्वतःच ते सांगत असे. तरीही.

माती हवी होती ती अनंतासाठी. पांढऱ्या, जाड पाकळ्यांच्या त्या फुलाचं झाड बायकोचं. लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिने ते माहेराहून, कणकवलीच्या पुढच्या गावाहून, एसटीत मांडीवर धरून आणलं आणि आमच्या जुन्या तीनमजली इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीशेजारी लावलं. तिथे ते तिच्या खांद्याएवढं झालं. इमारत पाडून टॉवर बांधायचं ठरलं, तेव्हा तिने ते खणून काढलं, निळं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून त्यात बसवलं आणि भांडुपच्या भाड्याच्या खोल्यांत तीन वर्षं सांभाळलं. नव्या घराच्या लिफ्टमध्ये आमच्या सामानातलं सगळ्यात आधी चढलं ते हे पिंप. मी म्हणालो, "आधी फ्रिज जाऊ दे." ती म्हणाली, "फ्रिज काय सुकून जाणार आहे?"

त्याच आठवड्यात वास्तूची पूजा होती. त्या दिवशी काय झालं ते मी सांगतो, कारण घरातले बाकी सगळे आपापल्या परीने सांगतच असतात. गॅलरी करारात लिहिल्यापेक्षा चार इंच अरुंद होती. मी टेप लावून तीनदा मोजली होती. बिल्डरचा माणूस प्रसादाला आला, त्याला मी गॅलरीत नेलं आणि टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "साहेब, प्लास्टर धरून मोजतात." चाळीस वर्षं ज्याने प्लास्टरचं सामान विकलं, त्याला हा सांगतोय! मी आवाज चढवला, तो तासभर चढलेलाच राहिला. आत आरती खोळंबली. भटजींना दुसऱ्या पूजेला जायचं होतं. वाढलेली पानं थंड झाली. बायको दारात येऊन म्हणाली, "आजच्या दिवस राहू द्या ना." आणि मी सगळ्यांसमोर, व्याह्यांसमोर, तिला म्हणालो, "तू मधे बोलू नको. तुझ्या बापाने दिलंय का हे घर?"

ती आत गेली. शिरा सगळ्यांना पोचला की नाही ते पाहिलं. त्या वाक्याबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही, नंतरही नाही.

दोन महिन्यांनी मुलगी बाळंत झाली. मुलगी बोरिवलीला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण हॉस्पिटल तिकडचं, जावयाची नोकरी तिकडची, आणखी काय काय, म्हणून आईनेच तिकडे जायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्या दोघींनी ठरवलं. मला बॅग भरून झाल्यावर कळलं.

"सव्वा महिना," बायको म्हणाली. "अनंताकडे बघा."

सव्वा महिन्याचं वर्ष झालं, मग दुसरंही सरत आलं. मुलगी कामावर जायला लागली, बाळाला पाळणाघरात सर्दी-ताप व्हायचा, कामाला ठेवलेली बाई टिकेना. सगळी कारणं खरी होती आणि म्हणूनच माझा जास्त संताप व्हायचा. खोट्या कारणाशी भांडता तरी येतं. इतक्या माणसांत चार इंच कमी आहेत हे एकट्या माझ्याच लक्षात आलं होतं, आणि रिकाम्या घरात एकटा बसलो होतो मीच.

माझ्या गॅलरीतून पश्चिमेला नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे बोरिवली. मधे नुसतं जंगल, पण मला वळसा घालून जायला दोन तास. सुरुवातीला दर रविवारी जायचो. सोफ्यावर बसायचो, चहा यायचा, बाळ माझ्याकडे बघून भोकाड पसरायचं आणि मुलगी म्हणायची, "बाबा, जरा हळू बोला ना." मी हळूच बोलत होतो. माझा हळू आवाज तेवढाच आहे. मग मी जाणं कमी केलं. कुणी "का आला नाहीत?" असं विचारलं नाही, तेव्हा आणखी कमी केलं.

फोन मात्र रोज यायचा. दुपारी बाळ झोपलं की बायको लावायची आणि पहिला प्रश्न असायचा, "अनंत कसा आहे?" माझी विचारपूस त्यानंतर. कधीकधी तोवर बाळ उठायचं आणि ती राहून जायची.

म्हणून मी मनाशी ठरवलं, की हा अनंत असा फुलवायचा की तिला तो बघायला घरी यावंच लागेल. एकदा आली की पुढचं मी बघून घेईन. आलेल्या गिऱ्हाइकाला मी कधी रिकाम्या हाताने जाऊ दिलं नव्हतं.

पिंपाला चीर गेली होती. मी ओळखीच्या माणसाकडून मोठी सिमेंटची कुंडी करून घेतली. लाल माती आणली, ती मघाशी सांगितलेली. जुनी माती काळी, भुसभुशीत होती आणि तिला ताक आंबल्यासारखा वास यायचा. त्यात कुजकी पानं होती, गांडुळं होती. मला ती घाण वाटली. मुळांना चिकटलेली सगळी माती मी झटकून काढली, दोन पोती भरली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावली. नव्या कुंडीत तांबडी माती, त्यात हिरवं झाड, वर इमारतीच्या बोअरचं भरपूर पाणी. दिसायला झकास. फोटो काढून मुलीच्या मोबाईलवर पाठवला. तिकडून अंगठा आला.

होळीच्या सुमारास पानं पिवळी पडायला लागली. जुनी नाही, नवी. पान पिवळं आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, अशी काहीतरी विचित्र नक्षी. कुंडीच्या कडेला पांढरा थर चढला होता, तो मी रोज फडक्याने पुसायचो.

आता माझी चूक काय झाली ते ऐका. आमच्या गावच्या घरामागे कातळावरची तांबडी माती. माझे वडील म्हणायचे, ही माती आंबट आहे, हिला गोड करून घ्यावी लागते. म्हणून चुलीतली राख आळ्या-आळ्यांत पडायची, आणि वर्षातून एकदा खाडीकडून शिंपल्यांचा चुना यायचा तो मूठ-मूठ. पान पिवळं दिसलं की आमच्याकडे औषध एकच. माझ्यासमोर माती तांबडी होती आणि पान पिवळं होतं. मी दुसरा विचारच केला नाही. पाववाल्याच्या भट्टीतून राख आणली. दुकान बंद केलं तेव्हाचा अर्धी गोणी चुना माळ्यावर होता, तो काढला. दर पंधरा दिवसांनी मूठभर. झाड जास्तच पिवळं पडलं. मग आठवड्याला मूठभर.

"अनंत कसा आहे?"

"मस्त."

"कळ्या धरल्या का?"

"धरतोय."

जूनमध्ये झाडाच्या काड्या मोजता येत होत्या. रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याला पान दाखवलं, तर त्याने माझ्यासमोर पाच बाटल्या मांडल्या. "यातली नेमकी कुठली लागणार ते सांग," मी म्हणालो. "सगळ्या घ्या ना काका, कुठली ना कुठली लागेलच." त्याच्यावर मी असा ओरडलो की पलीकडचा शहाळेवाला धावत आला. एकदा तर त्याच्याच दुकानातला नवा, भरगच्च अनंत उचलून कुंडीत बसवावा असंही मनात आलं. भावसुद्धा केला. पण बायकोला त्या बुंध्याची गाठ न् गाठ माहीत होती. मी रिकाम्या हाताने परत आलो.

मग मला मरोळच्या गावठाणातली आंटी आठवली. माझ्या आयुष्यात मला भावात हरवणारी ती एकटी बाई. पंचवीस वर्षांपूर्वी तिच्या घराच्या दुरुस्तीचं सामान माझ्याकडून गेलं होतं. ती आपला आकडा सांगायची आणि गप्प बसायची. मी आरडाओरडा करून दमलो की पुन्हा तोच आकडा सांगायची. तिच्या जुन्या घरामागे विहीर, फणस आणि पाचसहा वाफे होते. लाल माठ, वाल, मुळा, सगळं ती स्वतः लावायची. मी पिशवीत मूठभर माती घेतली, पिवळं पान वहीत ठेवलं आणि गेलो.

आजूबाजूला टॉवर झाले होते, घर तसंच होतं. आंटी पंचाहत्तरीची झाली असेल. फ्रॉकवर पुरुषी शर्ट घालून वाफ्यात उकिडवी बसली होती.

"सिमेंटवाला!" ती म्हणाली. "अजून जिवंत आहेस?"

"तुम्हाला विचारायलाच आलो."

"मी आहे. बस."

तिने माती हातावर चोळली, त्यातला एक पांढरट खडा काढला आणि पायरीवर ठेवला. आत जाऊन स्वयंपाकातल्या शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली आणली आणि खड्यावर दोन थेंब टाकले. खडा सोड्यासारखा फसफसला. मग चिमूटभर मातीवर टाकले. तीही फसफसली.

"हे काय?" मी विचारलं.

"हे तुझं दुकान," ती म्हणाली. "प्लास्टर आहे हे. पाडलेल्या इमारतीचं राबीट दळून, वर तांबडी माती पसरून दिलीय तुला. झाड मातीत नाही लावलंस, भिंतीत लावलंस."

माझ्या डोळ्यांसमोर तो मातीवाला आला. पण त्याला शिव्या तरी कुठल्या तोंडाने घालणार? त्याला तेवढ्या भावात माती परवडलीच नसती, हे मी भाव पाडतानाच ओळखायला हवं होतं.

आंटीने मग वाटीत पावसाचं पाणी घेऊन त्यात माती कालवली, थोडी बसू दिली आणि कागदाची एक पिवळी पट्टी बुडवली. पट्टी निळसर झाली. तिने ती डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली.

"मातीचा सामू म्हणतात याला. सात म्हणजे मधोमध. खाली गेलं की आंबट, वर गेलं की चुन्याकडे. तुझी माती आठाच्याही वर आहे. अनंताला सहाच्या आतली, आंबट माती लागते. मातीत लोह असेल तुझ्या, पण चुन्याने ते बांधून टाकलंय, झाडाला मिळत नाही. म्हणून पान पिवळं. आणि तू वरून काय घातलंस?"

"राख."

"आणि?"

मी वाफ्याकडे बघत राहिलो.

"आणि काय, सांग."

"चुना."

तिने चष्मा काढला. "अनंताला चुना? अरे, कुणाचं वैर काढत होतास?"

"माझ्या बापाने जन्मभर घातला चुना!" माझा आवाज चढला. "बाग होती आमची. त्यांना काय अक्कल नव्हती?"

"होती ना. त्यांची माती आंबट होती. तुझी आहे का?"

मी पायरीवरचा तो खडा उचलून बघितला. ती गप्प बसली, तिच्या जुन्या सवयीप्रमाणे. मग तिने विचारलं, "हे झाड आधी चांगलं होतं ना? कोण बघायचं?"

"बायको."

"ती काय घालायची?"

मला आठवावं लागलं. आठवलं तसं सांगितलं. चहाचा चोथा. नासलेलं ताक, बादलीभर पाण्यात फेटून. गळलेली पानं ती झाडाखालीच राहू द्यायची, त्यावरून मी ओरडायचो की डास होतात. वासावरून ओरडायचो. सामूचं नाव तिने कधी ऐकलं नसेल.

"म्हणजे माती तिने तयार करून ठेवली होती," आंटी म्हणाली. "ती कुठे आहे?"

"टाकली."

"कुठे टाकली?"

"कचऱ्याच्या गाडीत."

आंटीने हातातली माती झटकली आणि पुन्हा मुळ्याची रोपं विरळ करायला लागली. मला वाटलं, आता जावं. तेवढ्यात ती उठली आणि फणसाखालची, वर्षानुवर्षं पानं कुजून झालेली काळी माती तिने फावड्याने एका पत्र्याच्या डब्यात भरली.

"झाड उपट. मुळं अलगद धू. सिमेंटची कुंडी नको, ती पण चुनाच सोडते. प्लास्टिकचं पिंप घे. ही पानमाती, नारळाचा भुसा, जुनं गांडूळखत, सारखं सारखं. आणि गंधकाची पूड, चहाचा एक चमचा. एकच. गंधक आपणहून काही करत नाही, मातीतले जीव ते खातात आणि मग माती आंबट होते. त्यांना तीन महिने लागतात. तोवर बोअरचं पाणी बंद, पावसाचं घाल."

"तीन महिने? लवकर होणारं काही नाही?"

"लवकर कशाला? कुठे जायचंय झाडाला?"

झाडाला कुठे जायचं नव्हतं. पण आदल्याच दिवशी बायको फोनवर म्हणाली होती की बँकेत आमच्या जोडखात्याचं केवायसी राहिलंय, सही करायला सप्टेंबरमध्ये एक दिवस येईन. हे मी आंटीला सांगितलं नाही. डब्याचे किती द्यायचे, ते विचारलं.

"हे विकायचं नाही."

"मला फुकट नको."

"मग डबा परत आणून दे. चांगला डबा आहे."

तिने सांगितलं तसंच सगळं केलं. पावसाळ्यात गॅलरीच्या कठड्याला बादल्या टांगल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने तक्रार केली की बाहेरून बरं दिसत नाही. त्याला मी करारातली चार इंच कमी भरलेली गॅलरी मोजून दाखवली, तो पुन्हा आला नाही. पट्ट्यांची डबी आणली. रोज सकाळी वाटीत माती कालवायची, पट्टी बुडवायची, रंग बघायचा. दिवसात दुसरं काही व्हायचं नाही, म्हणून कधी संध्याकाळीही बघायचो. चहाचा चोथा साठवायला घेतला, पण एका माणसाच्या दोन वेळच्या चहाचा चोथा निघून निघून निघणार किती? खालच्या टपरीवाल्याला डबा देऊन ठेवला. तो म्हणाला, "काय काका, याचा परत चहा करता की काय?"

सात. पावणेसात. जुलै संपला तरी तेवढ्यावरच. काड्या तशाच उघड्या. तारीख जवळ येत होती, आणि समोरचा माणूस ढिम्म हलत नाही म्हटल्यावर माझं जे होतं तेच झालं. ऑगस्टमध्ये एका दुपारी मी आणखी तीन चमचे गंधक घातलं आणि वर पाण्यात कालवून शिरका ओतला. आयुष्यभर ठरल्यापेक्षा वर काहीतरी मागून घ्यायची सवय. आठ दिवसांत पट्टी लालसर आली. उरलेली पानं कडेने करपली आणि गळाली. गांडुळं पिंपाच्या तळाच्या भोकांतून बाहेर येऊन लादीवर मरून पडली होती. ती मी कागदावर गोळा केली.

आंटीला फोन केला नाही. ती काय म्हणणार ते मला माहीत होतं. पुढचे दहा दिवस पावसाचं पाणी ओतून ओतून ती माती धुतली. तळातून निथळणारं पाणी वाटीत धरायचं, पट्टी बघायची, परत ओतायचं. बोलायला कुणी नव्हतं, आणि ओरडायलाही.

बायको आली तेव्हा पट्टी सहाच्या जवळ होती. झाड म्हणजे एक बुंधा, आठ-दहा वाळक्या काड्या आणि खालच्या अंगाला फुटलेले दोन कोवळे हिरवे कोंब, वीत-वीतभर.

ती एकटीच आली. आम्ही बँकेतच भेटलो. केस बरेच पिकले होते, रंगवायचे सोडले होते. सह्या झाल्या. घरी येताना रिक्षात मी म्हणालो, "अनंत गेल्यात जमा आहे."

ती बाहेर बघत म्हणाली, "मला वाटलंच."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. रोज 'मस्त' म्हणायचात. अडतीस वर्षांत तुम्ही कशाला मस्त म्हटलं नाहीत."

घरी आल्यावर ती पाणीही न पिता गॅलरीत गेली. पिंपाशेजारी बसली. एकेका काडीवर नखाने ओरखडा काढून बघत होती, आत हिरवं आहे का ते. मी उभा राहून सगळं सांगितलं. मातीवाला, राख, चुना, आंटी, गंधक. शिरकासुद्धा सांगितला. जुनी माती टाकली हे सांगताना मात्र माझा आवाज खरंच हळू झाला असावा, कारण तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सगळी टाकलीत?"

"सगळी."

तिने मातीत बोटं घातली, थोडी माती नाकाशी नेली. "ही बरी आहे," ती म्हणाली.

जेवायला मी भात, सुरमईचं कालवण केलं होतं. दोन वर्षांत मी बऱ्यापैकी शिकलो होतो. जेवता जेवता माझ्या तोंडून गेलंच, "गॅलरी चार इंच कमीच होती."

"होती ना."

"मग?"

"मी कुठे म्हटलं नव्हती?" तिने काटा बाजूला काढून ठेवला. "आणि माझ्या वडिलांनी या घराला काही दिलं नव्हतं, तेही खरं. त्या दिवशी तुम्ही काही खोटं बोललाच नाहीत."

दोन वर्षं मी या वादाची तयारी केली होती. ती काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन, सगळं पाठ होतं. पण समोर वाद घालायला कुणी बसलंच नव्हतं. ती भात कालवत होती. मी म्हणालो, "तसं बोलायला नको होतं मी." तिने मान हलवली. हो म्हणून की राहू दे म्हणून, मला कळलं नाही. मग तिने कालवण छान झालंय म्हणून सांगितलं, आणि कोकम थोडं कमी चाललं असतं.

चार वाजता तिला निघायचं होतं. साडेतीनला तिने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि गॅलरीत गेली.

"सुरी कशाला?" मी विचारलं.

"हे दोन कोंब नेते. तिथे कुंडीत लावते. त्यांच्याकडे सकाळचं ऊन चांगलं येतं."

झाड फुलवून तिला आणायचं, हे गणित करताना एक गोष्ट मी धरलीच नव्हती. झाडच तिकडे जाऊ शकतं.

"म्हणजे तू तिथेच राहणार," मी म्हणालो.

"बाळ शाळेत जाईपर्यंत तरी."

"कुठल्या शाळेत? बालवाडीत की कॉलेजात?"

ती हसली. मग हसू गेलं. "मला तिथे बरं वाटतं हो," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते गाणं वाजत होतं. मी ते संपेपर्यंत थांबलो.

"दोन्ही नको नेऊ," मी म्हणालो.

"दोन लावले तर एक जगतो. एकाचा भरवसा नसतो."

"एक ने. एक ठेव."

"भाव करताय?"

"हो."

ती सुरी हातात घेऊन तशीच बसून राहिली. मला सवयीने आणखी काही म्हणायचं होतं, पण मी तो आकडा एकदा सांगितला आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच. मग तिने उजवीकडचा, जरा मोठा कोंब तिरका कापला, खालची पानं काढली आणि तो ओल्या कापसात घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. डावीकडच्याला हात लावला नाही.

मी पिंपातली वरची माती एका पिशवीत भरली. बाटल्यांत साठवलेलं पावसाचं पाणी होतं, त्यातल्या दोन घेतल्या. पट्ट्यांची डबी अर्धी तिला दिली आणि कशी बुडवायची ते दाखवलं.

"एवढं ओझं? तिथे माती मिळते की."

"तिथली मला माहीत नाही," मी म्हणालो. "गोणी तळापर्यंत उलटून बघितल्याशिवाय घेऊ नको."

मी ते सगळं उचलून बसस्टॉपपर्यंत गेलो. बसला गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. हात केला नाही, दोन्ही हातांनी पिशवी धरली होती.

आता महिना-सव्वा महिना झाला. फोन रोज येतो. ती "अनंत कसा आहे?" विचारते तेव्हा मी आहे ते सांगतो. सामू सहाच्या जरा खाली. कोंब तेवढाच, पान एक नवं, तेही जरा फिकट. काल मी विचारलं, "तुझा?"

"लागला," ती म्हणाली. "हळूच ओढून बघितला, मुळं धरलीत. वर दोन पानं आलीत. हिरवीगार."

"माती कुणाची आहे?"

"तुमची हो, तुमची."

"पट्टी बघितलीस?"

"बघितली. आता रोज काय बघायची?"

मी तिला सांगणार होतो की रोज बघावी लागते, बोअरचं पाणी चुकून पडलं तरी फरक पडतो, आणि चोथा घालायचा तर चहातली साखर धुऊन घालायचा, नाहीतर मुंग्या लागतात. पण तिकडे बाळ उठलं, आणि तिने फोन ठेवला. सव्वापाच वाजले होते. आठला जेवायला बसेपर्यंत मला काही काम नव्हतं.